बावन्न पायऱ्या

वज्रेश्वरीच्या देवळाला बावन्न दगडी पायऱ्या आहेत. त्यांतल्या एका पायरीवर कासव आहे. चढणारा माणूस तिथे वाकतो, कासवाला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि पुढे जातो. पायथ्याशी माझ्या वडिलांचं ओटी-नारळाचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे बसायची. दुकानातून देवी दिसत नसे, माणसांचे पाय दिसत.

चढताना सगळ्यांचे पाय थोड्याफार फरकाने सारखेच पडायचे. उतरताना मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पोरं खाली न बघता धडधडत यायची. काही बायका आडव्या होऊन, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायच्या. काहींची नजर स्वतःच्या पावलांवरून हलायचीच नाही. कुणी हाक मारली तर आधी थांबायच्या, मग मान वर करायच्या. आणि कासवाशी वाकताना काही जणांचा हात आपसूक शेजारच्याचा खांदा शोधायचा. हे सगळं मी दहा-बारा वर्षं पाहत होते. त्याला काही नाव असतं, हे फार नंतर कळलं.

आता मी ऑडिओलॉजिस्ट आहे. आठवड्याचे सहा दिवस मुंबईत आणि रविवारी गावात, एका लहानशा खोलीत. लोकांना वाटतं, ही कानाचं मशीन देणारी बाई. तेही करते. पण माझं निम्मं काम चक्करेचं आहे, कारण ऐकण्याचा आणि तोलाचा अवयव एकाच हाडाच्या पोकळीत, एकमेकांना चिकटून बसलेला आहे.

आमच्याकडे 'चक्कर' या एका शब्दात पाच-सहा दुखणी मावतात. त्यामुळे माझं पहिलं काम शब्द सोडवण्याचं. घर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते? डोकं गरगरतं, की डोकं ठीक आणि पाय भलतीकडे जातात? उठल्याबरोबर अंधारी येत असेल तर आधी रक्तदाब पाहायचा. कूस बदलली की घर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं कुणी म्हणालं तर बहुधा कानातला कॅल्शियमचा बारीक खडा जागा सोडून सरकलेला असतो. मान ठरावीक क्रमाने वळवून तो परत जागी नेता येतो, आणि रोगी हसत घरी जातो. पण एखादा म्हणतो, "चालताना एसटीची पाटी वाचता येत नाही, थांबलो की येते." हे वाक्य ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढून बसते. या माणसाचे डोळे चांगले आहेत. त्याच्या कानाची डोळ्यांवरची पकड सैल झाली आहे.

ती पकड म्हणजे काय, हे हातातल्या या मासिकावरच पाहता येईल. डोकं स्थिर ठेवून अंक डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरं पुसली जातील. आता अंक स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगाने मान हलवा. अक्षरं वाचता येतात. दोन्हींत हालचाल तेवढीच, पण दुसऱ्या वेळी मान हलल्याची खबर आतल्या कानाने सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात डोळ्यांच्या स्नायूंना दिली, आणि डोळे नेमके तेवढेच उलट फिरले. नजरेने पाहून, मेंदूने विचार करून हे काम करायचं म्हटलं तर फार उशीर होतो. शरीरातल्या सर्वांत वेगवान प्रतिक्षिप्त क्रियांपैकी ही एक आहे. ती चालू आहे म्हणून चालताना जग हिंदकळत नाही.

हे काम करणारा अवयव दोन भागांचा. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या मान फिरल्याचं सांगतात. फुगडी घालून थांबलं की अंगण उलटं फिरतं ते त्यांच्यामुळे: आपण थांबलो तरी नलिकांतल्या द्रवाचा परिणाम काही सेकंद टिकतो. दुसऱ्या भागात चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसवलेले असतात. मान कलली की गुरुत्वाकर्षणाने ते सरकतात आणि 'खाली' कुठे आहे ते कळतं. मात्र या खड्यांची एक अडचण आहे. आपण मागे कललो, तरी ते मागे सरकतात. आणि गाडीने एकदम वेग घेतला, तरीही मागेच सरकतात. रात्रीच्या एसटीत दिवे बंद असताना ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला की गाडी पुढे कलल्यासारखी वाटते, ते याचमुळे. खड्यांना हा फरक कळत नाही. तो मेंदू ठरवतो, अनुभवावरून.

या विद्येशी माझी खरी ओळख प्रयोगशाळेत झाली नाही, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर झाली. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. थंडीत कुंडावर ही गर्दी. एक तरुण बुडी मारून वर आला आणि कठड्याला धरून ओकायला लागला. कुणी म्हणालं उष्णता चढली, कुणी म्हणालं अंगात आलं. मी त्याच्या पापण्या उघडून पाहिलं. दोन्ही डोळे एका बाजूला हळू सरकत होते आणि झटक्याने परत येत होते, पुन्हा हळू, पुन्हा झटका. त्याचा उजवा कान लहानपणापासून वाहत असे. पडद्याला भोक होतं. गरम पाणी थेट मधल्या कानात गेलं होतं, तेही एकाच बाजूच्या. दहा मिनिटांत सगळं शांत झालं. (पडद्याला भोक असेल त्याने कुंडात डोकं बुडवू नये. हे मी तिथे येणाऱ्या कित्येकांना सांगितलं आहे, इथेही सांगते.)

आम्ही हेच मुद्दाम करतो. कानात आधी शरीराहून ७ अंश गरम, म्हणजे ४४ अंशांचं पाणी सोडतात, मग ७ अंश थंड, म्हणजे ३० अंशांचं, आणि डोळे कसे झटके देतात ते मोजतात. पडदा फाटलेला असेल तर पाण्याऐवजी हवा. ही चाचणी रॉबर्ट बारानी या व्हिएन्नातल्या कानाच्या डॉक्टरची. कान धुताना पाणी गार असलं किंवा फार गरम असलं की रोग्यांना भोवळ येते, एवढ्या साध्या निरीक्षणावरून तो तिथवर पोहोचला. त्याला १९१४ सालचं नोबेल मिळालं तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. त्याचं म्हणणं असं की नलिकेची एक बाजू तापली की तिथला द्रव हलका होऊन वर चढतो, आणि मेंदूला वाटतं मान फिरली. पटण्याजोगं आहे. पण हलकं वर आणि जड खाली जायला गुरुत्वाकर्षण लागतं. १९८३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोलंबिया यानातून स्पेसलॅब-१ ही प्रयोगशाळा अंतराळात गेली, तेव्हा तिथे अंतराळवीरांच्या कानात गरम-थंड हवा सोडून पाहिलं. बारानीच्या हिशेबाने काहीच व्हायला नको होतं. डोळे फिरलेच. म्हणजे उष्णतेचा आणखीही काही परिणाम आतल्या कानावर होत असला पाहिजे. मी ही चाचणी रोज करते, आणि तिचं सत्तर वर्षं मानलेलं उत्तर अपुरं आहे हे अंतराळात गेल्यावर स्पष्ट झालं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

अंतराळातल्या गरगरण्याचा पहिला साक्षीदार गेर्मान तितोव. ६ आणि ७ ऑगस्ट १९६१ला त्याने पृथ्वीभोवती सतरा फेऱ्या मारल्या, वय २५. मान हलवली की त्याला मळमळायचं. आमच्या भागातल्या लोकांना त्या आठवड्याचं वेगळं स्मरण आहे: ८ ऑगस्टला गणेशपुरीत नित्यानंद बाबांनी समाधी घेतली. गावात तितोवची बातमी त्या दिवसांत कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. पुढे कळलं की तितोव काही नाजूक नव्हता. अंतराळात जाणाऱ्या दहातल्या सहा-सात जणांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतोच. १९८४ साली राकेश शर्मा सॅल्यूत-७वर गेले तेव्हा त्यांनी तिथे योगासनं केली, ती वजनरहित अवस्थेचे शरीरावर होणारे परिणाम पाहण्यासाठीच.

१९ मार्च २०२५च्या पहाटे, आपल्या घड्याळात साडेतीनच्या सुमारास, सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी अंतराळातून परतून समुद्रात उतरल्या. पुढच्या रविवारी माझ्याकडे एक आजी आल्या. वय ६८, जवळच्या पाड्यावर राहणाऱ्या. जानेवारीत त्यांच्या डाव्या कानाच्या तोलाच्या नसेला सूज आली होती. दोन दिवस घर फिरलं, उलट्या झाल्या, मग ते थांबलं. पण तेव्हापासून त्या खाटेवरच होत्या. नातवाने दोन्ही दंड धरून आणलं होतं. त्यानेच मोबाइलवर त्यांना सुनीताबाईंना स्ट्रेचरवर घालून नेतानाचं चित्र दाखवलं होतं. मी डोळ्यांचे झटके पाहायचा गॉगल लावायला घेतला तर आजींनी माझा हात धरला.

"बाय, त्या बाईला उचलून का आणली? पायाला काय झाला तिच्या?"

मी म्हटलं, "पायाला विशेष काही नाही, आजी. तुमच्यासारखंच. कानाने सांगायचं ते मेंदूला कळेनासं झालंय."

हे उत्तर अर्धंच होतं, ते मी त्यांना नंतर पुरं करून सांगितलं. इतके महिने अंतराळात राहिलं की स्नायू उतरतात, उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो, म्हणून दीर्घ मुक्कामाहून येणाऱ्या सगळ्यांनाच तसं बाहेर काढतात. पण तोलाची गोष्ट खरीच आहे. अंतराळात मान फिरली तर नलिका बोलतात. खडे मात्र कलण्याबद्दल काहीच सांगत नाहीत, कारण तिथे 'खाली' नाही. खड्यांकडून जी काही खबर येते ती फक्त पुढे-मागे ढकललं गेल्याची. मेंदू काही दिवसांत हा नवा अर्थ पाठ करतो. आणि मग माणूस परत येतो, खुर्चीवरून कागद उचलायला वाकतो, आणि मेंदूला वाटतं आपण भिरकावले गेलो.

डोळ्यांत हे मोजता येतं. मान खांद्याकडे कलवली की डोळे खोबणीत उलट्या बाजूला काही अंश वळतात. आरशात डोळ्यातली एखादी लाल रेघ धरून पाहिलं तर दिसतं. हे खड्यांचं काम. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अंतराळ स्थानकावर सुमारे सहा महिने राहून आलेल्या पंचवीस जणांना फिरत्या खुर्चीत बसवून हे वळणं मोजलं होतं. परतल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत ते जाण्यापूर्वीपेक्षा स्पष्ट कमी होतं. नऊ-दहा दिवसांनी पुन्हा मोजलं तेव्हा भरून आलं होतं. आणि तीच खुर्ची १९९८ साली न्यूरोलॅब मोहिमेत यानात नेली होती. तिथे चार अंतराळवीर तिच्यावर फिरून कृत्रिम गुरुत्वाकर्षण घेत राहिले, आणि त्यांचं डोळ्यांचं वळणं कमी झालंच नाही. चारच माणसं, फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. तरी मी ते विसरू शकत नाही: ज्यांच्या कानांना अधूनमधून काम मिळालं, त्यांचे कान विसरले नाहीत.

परतल्यावर अंतराळवीरांना चालत्या पट्ट्यावर चालवत अक्षरं वाचायला लावली तर चुका वाढतात. माझ्या रोग्याची एसटीची पाटी ती हीच. हलणाऱ्या फळीवर डोळे मिटून उभं केलं तर पडतात. म्हणून वरून दोऱ्यांनी बांधून उभं करतात. लगेच गाडी चालवू देत नाहीत. हे सगळं करतात, पण एक करत नाहीत: झोपवून ठेवत नाहीत. नासात परतल्या दिवसापासून व्यायाम सुरू होतो, रोज दोन तास, पंचेचाळीस दिवस. आधी धरून उभं करणं, मग मान हलवत चालणं, मग चेंडू झेलणं. बहुतेकांचा तोल दोनेक आठवड्यांत जवळजवळ पूर्वीसारखा होतो.

इथे मला माझ्या आईबद्दल लिहावं लागेल.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एका सकाळी आईला उठताच येईना. घर डावीकडून उजवीकडे धावतंय, म्हणाली. दोन दिवस उलट्या. एका दवाखान्यातून पंधरा दिवसांच्या चक्करेच्या गोळ्या आणल्या. त्या आम्ही दीड वर्ष चालू ठेवल्या. आणि सगळ्यांनी मिळून तिला झोपवलं. खिडकीला चादर लावली. मान हलवू नको. वाकू नको. तू नको उठू, मी देते. वडील स्वयंपाक शिकले, मी पहाटे उठून पाणी भरलं, मावशी महिनाभर येऊन राहिली. मनापासून सेवा केली आम्ही. चार महिन्यांनी आई उठली तेव्हा भिंत धरून चालत होती. ती भिंत तिने कधी सोडली नाही. पुढे ती दुकानात बसायची आणि तिथूनच देवळाकडे तोंड करून हात जोडायची. बावन्न पायऱ्यांच्या पायथ्याशी राहून शेवटची सतरा वर्षं तिने देवी पाहिली नाही.

आज ती माझ्यासमोर आली असती तर उलट्या थांबल्याच्या दिवशीच मी तिला उभं केलं असतं. एका कानाची नस दुबळी झाली की उरलेल्या कानावर आणि डोळ्यांवर हिशेब नव्याने मांडायचं काम मेंदूचं, विशेषतः लहान मेंदूचं. पण त्याला चूक दिसावी लागते. मान हलली, अक्षर पुसलं गेलं, डोळा कमी पडला, हे कळलं तरच तो पुढच्या वेळी डोळ्याला जास्त वळवतो. खाटेवर पडलेल्या माणसाची मान हलत नाही, म्हणून चूकही होत नाही. गोळी पहिल्या दोन-चार दिवसांत उपकारच करते. महिनोन्‌महिने घेतली की मेंदूकडे जाणारी तीच तक्रार दाबून टाकते. यात आम्हाला कुणी फसवलं नव्हतं. प्रेमानेच केलं आम्ही ते. म्हणून मला ते इतकं लागतं.

आजींना मी तीन गोष्टी दिल्या. भिंतीवरच्या कालनिर्णयातला एक मोठा आकडा धरायचा, त्यावर नजर रोखून मान 'नाही-नाही' अशी हलवायची, आकडा पुसट व्हायला लागेल इतक्या वेगाने. मिनिटभर, दिवसातून चारदा. गोधडीची चौपदरी घडी करून तिच्यावर पाय जुळवून उभं राहायचं, मागे खाट आणि बाजूला नातू. आधी डोळे उघडे, मग मिटून. आणि रोज ओटीवरून फाटकापर्यंत चालताना उजवीकडचा आंबा, डावीकडची विहीर असं बघत जायचं. महागड्या हलत्या फळीवर डोळे मिटून उभं करणं आणि चौपदरी गोधडीवर उभं करणं, दोन्हींत मेंदूला सवाल एकच: पायाखालची जमीन खोटी, डोळे बंद, आता फक्त कानाचं ऐक.

पहिल्या आठवड्यात त्रास वाढला. वाढतोच. सुनेने मला फोन करून चांगलं सुनावलं, म्हातारीला छळता म्हणून. मी तिला म्हटलं, पंधरा दिवस द्या. बाराव्या दिवशी आजी भिंत न धरता न्हाणीत गेल्या. जूनमध्ये नस सुधारली का ते मोजलं; डावा कान होता तेवढाच दुबळा होता, पण झटक्याने मान वळवली तरी नजर माझ्या नाकावरून सुटत नव्हती. कान बरा झाला नव्हता, मेंदूने त्याच्यावाचून चालवायला घेतलं होतं.

१५ जुलैला शुभांशू शुक्ला परत आले, तेव्हा आमच्याकडे भाताची लावणी चालू होती. ते अंतराळात वीसच दिवस होते, तरी उतरल्यावर त्यांना आधाराने चालावं लागलं. लॅपटॉप बंद करून बाजूला सोडला तो तरंगेल या सवयीने, असं त्यांनी पुढे सांगितलं. आजी त्या दिवशी बांधावर उभ्या होत्या. चिखलात उतरायची मी परवानगी दिली नव्हती. त्यांनी ती मागितलीही नव्हती. मुलाने सांगितलं, दोन ओळी लावून आल्या.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. भोवळीबरोबर बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसू लागले, हातापायातला जोर गेला किंवा आधार देऊनही उभं राहवेना, तर घरी थांबू नका, तडक मोठ्या रुग्णालयात न्या. ते मेंदूचं असू शकतं. ते नाही, कानाचं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि उलट्या थांबल्या, की खिडकीची चादर काढा. गोळ्या कधी बंद करायच्या ते विचारा. बाजूला उभे राहा, पडू देऊ नका, पण त्यांचं पाणी त्यांना घेऊ द्या, मान वळवू द्या, वाकू द्या.

नवरात्रात आजी देवीला आल्या. दुकान आता भाऊ चालवतो; मी आत बसले होते. कासवाशी त्या थांबल्या, एक हात नातवाच्या खांद्यावर ठेवला, वाकल्या, दुसरा हात कासवाला लावून कपाळाला लावला. दर्शन घेऊन बावन्न पायऱ्या उतरायला त्यांना अकरा मिनिटं लागली.